मार्चच्या आधी आलेले पत्र

अमेरिकेतील नावाजलेल्या विद्यापीठांचे प्रवेशाचे निकाल मार्चच्या अखेरीस लागतात, असे कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात काही मुलांना आपला निकाल ऑक्टोबरपासूनच कळू लागतो, काहींना डिसेंबरात कळतो, मूठभरांना फेब्रुवारीत. आणि उरलेली सगळी मुले, आपल्याला कुठून काही सुगावा लागतो का हे पाहत हिवाळा काढतात. माझी मुलगी न्यू जर्सीतील एका सरकारी शाळेत बारावीला होती, तेव्हा आमच्या घराने यातले बहुतेक प्रकार जवळून पाहिले. हे लिहायला तिने एका अटीवर होकार दिला. तिचे नाव आणि तिला हो किंवा नाही म्हणणाऱ्या विद्यापीठांची नावे यात येता कामा नयेत. त्यामुळे पुढे जिथे नावे येतील तिथे ती त्या त्या विद्यापीठाच्या जाहीर झालेल्या पद्धतींबद्दल आहेत, आमच्याबद्दल नाहीत.

माझे आणि नवऱ्याचे शिक्षण महाराष्ट्रात झाले. आमच्या वेळी बारावीचा निकाल हातात पडला की पुढचे जवळजवळ सगळे ठरलेले असे. मागच्या वर्षीचा कटऑफ माहीत, आपली टक्केवारी माहीत. उरली फक्त यादी लागण्याची औपचारिकता. आजही सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॅप राउंड यांच्या मागे तोच हिशेब आहे. इथे तो हिशेब चालत नाही. कॉमन ॲप या सामायिक ऑनलाइन अर्जावरून एका मुलाला वीस महाविद्यालयांपर्यंत अर्ज करता येतात. अर्जात शाळेतले गुण असतात, बहुतेकदा सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण असतात, पण त्यांच्या जोडीला ६५० शब्दांच्या मर्यादेतला निबंध, दहा उपक्रमांची यादी, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेच्या काउन्सेलरचा अहवालही असतो. मग एक समिती हे सगळे वाचते आणि आपसात चर्चा करून ठरवते. २०२१ साली पहिल्या वर्षात येणाऱ्या तुकडीसाठी हार्वर्डकडे ५७,४३५ अर्ज आले आणि त्यांनी १,९६८ जणांना प्रवेश देऊ केला. नाकारलेल्यांमध्ये उत्तम गुणांची मुले किती असतील याची कल्पना यावरून यावी. गुण पाहून अंदाज बांधता आला नाही की माणूस इतर काहीबाही पाहून अंदाज बांधू लागतो, आणि ते काहीबाही पुरवायला इथे कोणी कमी पडत नाही.

आमच्या आसपास पहिली खबर आली ती शेजारच्या मुलाची. तो तलवारबाजी करणारा. राष्ट्रीय पातळीवर खेळलेला. ऑक्टोबरात, बाकीच्या मुलांचे निबंध अजून तिसऱ्या खर्ड्यात अडकलेले असताना, त्याच्या हातात आयव्ही लीगमधील एका विद्यापीठाचे पत्र होते. त्याला इथे लाइकली लेटर म्हणतात. आयव्ही लीग म्हणजे मुळात आठ विद्यापीठांचा क्रीडासंघ, आणि त्यांचा आपसातला करार असा की खेळासाठी शिष्यवृत्ती कोणीही द्यायची नाही. इतर विद्यापीठे मात्र खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन शरद ऋतूतच बांधून घेतात. अशा खेळाडूने केवळ मार्चमधल्या निकालाच्या आशेवर हातची शिष्यवृत्ती सोडावी, अशी अपेक्षा कोण करणार? म्हणून या आठ विद्यापीठांनी एक वाट ठेवली आहे. १ ऑक्टोबरपासून प्रवेश कार्यालय एखाद्या अर्जदाराला, त्याचा अर्ज पूर्ण वाचून, लेखी कळवू शकते की तुझा प्रवेश होण्याची दाट शक्यता आहे. आणि शाळेतली कामगिरी ढासळली नाही तर त्या पत्राचा मान प्रवेशपत्राइतकाच राखायचा, हेही त्यांच्या संयुक्त निवेदनात आहे. इथे एक बारकावा आहे, आणि तो शेजारच्या कुटुंबाला चांगलाच ठाऊक होता. प्रशिक्षकाने फोनवर कितीही भरवसा दिला, तरी तसे पत्र देण्याचा अधिकार त्याचा नाही, तो फक्त प्रवेश कार्यालयाचा. म्हणून मुलाच्या वडिलांनी पत्र डोळ्यांनी पाहीपर्यंत दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाशी बोलणे चालू ठेवले होते. मला त्यात काही गैर वाटले नाही.

माझी मुलगी खेळाडू नव्हे. तिने रीतसर, १ नोव्हेंबरच्या मुदतीत, एका विद्यापीठात अर्ली ॲक्शनने अर्ज केला. अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचे बंधन. अर्ली ॲक्शनमध्ये ते बंधन नसते, पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड अशा काही ठिकाणी त्याच फेरीत दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकरचा अर्ज सहसा करता येत नाही. डिसेंबरच्या मध्यावर निकाल आला तो डिफर असा. म्हणजे आत्ता हो नाही आणि नाहीही नाही. अर्ज मार्चच्या ढिगात सरकवला आहे. घरात पहिला प्रश्न उठला तो हाच, की हे चांगले लक्षण समजायचे की वाईट. काउन्सेलर बाईंनी सरळ सांगितले, की काही विद्यापीठे बहुसंख्य मुलांना डिफर करतात, काही अगदी थोड्यांना, त्यामुळे त्या शब्दाचे वजन विद्यापीठागणिक बदलते. आणि कोणत्याही परिस्थितीत बाकीचे अर्ज जणू हा पहिला अर्ज केलाच नव्हता अशा मनाने लिहायचे. मुलीने दोन दिवस कोणाशी फारसे बोलणे केले नाही, मग नाताळच्या सुटीत बसून उरलेले अर्ज संपवले.

जानेवारीपासून सुरू झाला तो खेळ, ज्याला इथली मुले स्वतःच पोर्टल ॲस्ट्रॉलॉजी म्हणतात. प्रत्येक विद्यापीठाचे अर्जदारांसाठी एक पोर्टल असते. त्यावर कुठला नवा दुवा दिसू लागला, पत्ता पडताळून पाहण्याची विनंती आली, पानाचा रंग बदलला, आर्थिक मदतीच्या विभागाने जादा कागद मागवला, माजी विद्यार्थ्याकडून मुलाखतीची वेळ ठरवणारी मेल आली, की त्याचे अर्थ लावले जातात. सांगलीला घरी पत्रिका दाखवण्यावरून वडिलांशी कडाक्याचे भांडण केलेला माझा नवरा या खेळात मात्र रमला. त्याने एक एक्सेल शीट केली होती. तीत विद्यापीठ, तारीख, खूण आणि अर्थ असे रकाने होते, आणि शेवटचा रकाना रोज बदलत असे. मुलगी एकदा त्याच्या मागे उभी राहून म्हणाली, “बाबा, तू आर्थिक मदतीचा कागद मागितला याला हिरवा रंग दिलायस. त्यांनी तो माझ्या वर्गातल्या सगळ्यांकडे मागितलाय.”

या खुणांमध्ये तथ्य का नसते, याची उत्तरे शोधली तर मिळतात. ज्या विद्यापीठांत प्रवेश ठरवताना कुटुंबाची ऐपत पाहिली जात नाही, तिथे आर्थिक मदतीचा विभाग आपले काम स्वतंत्रपणे करत असतो. मार्चच्या निकालासोबत मदतीचा आकडाही द्यायचा असल्यामुळे तो मदत मागणाऱ्या सगळ्यांच्याच फायली आधीपासून तयार ठेवतो. मुलाखत बहुतेक ठिकाणी त्या भागात मोकळे असलेले माजी विद्यार्थी किती आहेत त्यावर ठरते. आमच्या मुलीची डिफर करणाऱ्या विद्यापीठासाठीची मुलाखत ठरल्या वेळेच्या दुप्पट चालली. मुलाखत घेणारे गृहस्थ दाराशी सोडायला आले आणि पुढच्या वर्षी भेटूच असे म्हणाले. नवऱ्याने शीटमध्ये त्या ओळीला गडद हिरवा रंग दिला. माजी विद्यार्थ्याचे सौजन्य हे माजी विद्यार्थ्याचे असते, समितीचे नसते.

पण मला सर्वांत पटलेले कारण वेगळेच आहे, आणि ते प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात बाहेर आले. २०१८ साली बॉस्टनच्या न्यायालयात तो चालला तेव्हा एरवी कोणाला न दिसणारी प्रक्रिया कागदपत्रांनिशी उघड झाली (सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२३ चा निकाल वंशाच्या मुद्द्यापुरता गाजला, पण पालकांसाठी खरा ऐवज त्या कागदपत्रांत आहे). अर्जांना अभ्यास, उपक्रम, खेळ, व्यक्तिमत्त्व अशा बाबींवर गुण दिले जातात. मग मोठ्या समितीत मतदान होते, आणि तरीही जागांपेक्षा जास्त मुलांना तात्पुरता होकार मिळालेला असतो. अगदी शेवटच्या टप्प्यात त्यातली काही नावे पुन्हा कापली जातात. त्या कापण्याच्या यादीला तिथे लॉप लिस्ट म्हणत. ज्या मुलाचे नाव समितीने आतून हो म्हणून धरले आहे, तेही शेवटच्या दिवसांत निसटू शकते. म्हणजे फेब्रुवारीत खुद्द विद्यापीठालाच जे पक्के ठाऊक नाही, ते त्याच्या पोर्टलने चुकून सांगून टाकावे, ही अपेक्षा आपण ठेवून असतो. यंत्रणा चुकते तेव्हा तर ती खोटेच सांगते. २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने नाकारलेल्या सुमारे २८,००० मुलांना अभिनंदनाची मेल पाठवली होती, आणि २०१५ मध्ये कार्नेगी मेलनने संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी नाकारलेल्या सुमारे ८०० जणांना. दोन्ही ठिकाणी काही तासांत माफीची मेल गेली.

आमच्याकडे खरी खूण आली ती शीटमध्ये कुठेही नसलेल्या विद्यापीठाकडून. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी मुलगी शाळेतून आली, फोन ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाली, “आई, हे वाच. मी नीट वाचते आहे ना ते सांग.” मेल लहान होती, तिला जोडलेले पत्र एका पानाचे. वर विद्यापीठाची मुद्रा. पहिल्या परिच्छेदात, निकाल मार्चअखेरीस जाहीर होणार असले तरी तुला आधीच कळवताना आनंद होतो, असे; दुसऱ्यात, समितीने तुझा अर्ज वाचला असून तुला प्रवेश मिळण्याची फार शक्यता आहे, आणि तू अभ्यासाची आजची पातळी टिकवावीस, अशी अपेक्षा; तिसऱ्यात विद्यापीठात दोन दिवस राहायला येण्याचे आमंत्रण. हेच पत्र पुढच्या आठवड्यात टपालाने आले, तेव्हा सहीखाली शाईने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. माझी मुलगी गेले काही उन्हाळे डेलावेअर खाडीच्या किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅब हे कवचधारी समुद्री प्राणी मोजायला जात असे. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला ते अंडी घालायला वाळूवर येतात, लाटेने उलटे पडतात आणि सरळ करून न सोडल्यास उन्हात मरतात. तिने आपल्या मोजणीच्या आकड्यांवर एक लहानसे संख्याशास्त्रीय काम केले होते आणि निबंधात त्यातल्या एका रात्रीबद्दल लिहिले होते. शाईच्या ओळींत त्याच रात्रीचा उल्लेख होता, आणि भरतीच्या वेळेविषयी एक प्रश्नही होता. तो प्रश्न निबंध शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कोणाला सुचला नसता. त्या हिवाळ्यात आलेल्या सगळ्या कागदांत, कोणीतरी वाचते आहे याचा पुरावा देणारा हा एवढा एकच.

सोमवारी काउन्सेलर बाईंना पत्र दाखवले. त्यांच्या कारकिर्दीत अशी पत्रे अगदी थोडी आली होती. त्यांनी ते दोनदा वाचले आणि खेळाडूंना मिळते तेच हे पत्र, फक्त कारण वेगळे, असे समजावले. अभ्यासात किंवा संशोधनात विशेष काही केलेल्या, आणि म्हणून दुसरीकडेही हमखास घेतल्या जाणाऱ्या मुलांना विद्यापीठे फेब्रुवारीपासून असे आधीच कळवू लागतात. येलमध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या निवडक मुलांना अशा पत्रासोबत एका सप्ताहान्तासाठी बोलावतात. आयव्हीबाहेर ड्यूक, व्हर्जिनिया विद्यापीठ अशी काही ठिकाणेही लाइकली लेटर पाठवतात. यामागे भूतदया नाही. वीस अर्ज करता येत असल्यामुळे एकच हुशार मूल पाच-सहा ठिकाणी निवडले जाते आणि शेवटी एकाच ठिकाणी जाते. होकार दिलेल्यांपैकी किती जण खरोखर आले, हा आकडा विद्यापीठांना फार जपावा लागतो. सर्वांच्या आधी ज्याने विचारले त्याच्याकडे मन झुकते, हे त्यांना पक्के ठाऊक आहे, आणि आमच्या घरात ते तसेच झुकले.

आधीच कळवण्याची ही पद्धत नवीनही नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांचे अधिकारी ठरावीक श्रीमंत खासगी शाळांना भेटी देत आणि तिथल्या मुलांना ए, बी किंवा सी अशी श्रेणी देऊन येत. ए मिळालेला मुलगा वसंतातल्या निकालाची वाट न पाहता निर्धास्त होई. सरकारी शाळेतल्या मुलाला अशी श्रेणी असते हेही ठाऊक नसे. वेलस्ली या महिलांच्या महाविद्यालयाने पुढे हीच कल्पना अधिक सरळपणे राबवली. मागणाऱ्या प्रत्येक मुलीला फेब्रुवारीअखेरीस शक्यता दाट, मध्यम की कमी ते कळवायचे. मला विचाराल तर न्याय्य पद्धत तीच. आजचे लाइकली लेटर मात्र जुन्या श्रेणीच्या जवळचे आहे. ज्याला मिळते त्याचा हिवाळा सुखाचा जातो. ज्याला मिळत नाही, त्याने त्यातून काही निष्कर्ष काढू नये असे विद्यापीठे सांगतात, आणि ते खरेही आहे, कारण प्रवेश मिळणाऱ्यांपैकी बहुतेकांना असे पत्र कधीच येत नाही. पण सतरा वर्षांच्या मुलाला हे पटवून द्यायचे कोणी?

तो प्रश्न आमच्यापुढे लगेच उभा राहिला, कारण मुलीच्या जवळच्या मैत्रिणीने त्याच विद्यापीठात अर्ज केला होता. मुलीने पत्राबद्दल शाळेत अवाक्षर काढायचे नाही असे ठरवले आणि आम्हालाही बजावले. रविवारी मराठी शाळेच्या वर्गाबाहेर आम्ही पालक उभे असतो, तिथे त्या दिवसांत दुसरा विषय नसे. कोणाला कुठून काय आले, या चौकशीला मी अजून सगळे मार्चमध्येच, असे उत्तर देत राहिले, जे खोटे नव्हते. सांगलीला मात्र सांगणे भाग होते. सासूबाई फोनवर दर वेळी तेच विचारत. मी पत्राचा मजकूर, अट, मार्चची तारीख, सगळे नीट समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अगं, ते सगळं राहू दे. नंबर लागला की नाही, तेवढं सांग.” मी लागल्यासारखाच आहे म्हटले. “सारखा म्हणजे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, नात फोन घेऊन “लागला, आजी” म्हणाली आणि विषय मिटला.

आमच्या दृष्टीने न मिटलेला विषय पैशांचा होता, आणि या पत्राविषयी इतरांना सांगावे असे मला वाटते ते मुख्यतः इथेच. लाइकली लेटरमध्ये आर्थिक मदतीचा आकडा नसतो. आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेची शिष्यवृत्ती नाही. मदत मिळते ती कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे, आणि तिचा हिशेब अधिकृत निकालासोबत येतो. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर खर्चाचा अंदाज देणारे नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतात, कायद्यानेच ते ठेवावे लागतात. आम्ही त्यात आकडे घालून पाहिले होते, पण नवऱ्याच्या छोट्या व्यवसायाचे उत्पन्न वर्षागणिक हलते, आणि अशा कुटुंबांसाठी तो अंदाज ढोबळच राहतो. नवऱ्याने पत्राच्या आनंदात बाकीचे अर्ज मागे घेऊया असे सुचवले. काउन्सेलर बाईंनी ठाम नकार दिला. हातात मदतीचा कागद येत नाही तोवर एकही अर्ज मागे घ्यायचा नाही, दुसऱ्या विद्यापीठाने जास्त मदत दिली तर तो कागद दाखवून फेरविचार मागता येतो, आणि नसलेल्या कागदावर मागता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन दिवसांचे आमंत्रण मुलीने स्वीकारले. ती वसतिगृहात राहिली, एका प्रयोगशाळेत तासभर बसली, आणि परत आली ती तिथले जेवण वाईट आहे ही तक्रार घेऊन. त्यावरून मला कळले की ती मनाने तिथे राहायला लागली आहे. शाळेचा अर्ध्या वर्षाचा अहवाल ठरल्याप्रमाणे सगळीकडे गेला. पत्रातली अट तिने मनावर घेतली असावी, कारण बारावीच्या शेवटच्या सत्रात इथली मुले जी ढिलाई करतात ती तिने केमिस्ट्रीच्या तासापुरतीच केली.

मार्चअखेरीस आयव्ही लीगचे निकाल एकाच संध्याकाळी, एकाच वेळी लागतात. पत्र पाठवलेल्या विद्यापीठाने आपला शब्द पाळला. डिसेंबरात डिफर केलेल्या विद्यापीठाने नाही म्हटले. मुलाखतीच्या त्या गडद हिरव्या ओळीचे पुढे काय करायचे, हे नवऱ्याला आम्ही विचारले नाही. मुलीच्या मैत्रिणीला पत्र आले नव्हते, पण त्या संध्याकाळी त्याच विद्यापीठाचा होकार आला, आणि मग मुलीने तिला फेब्रुवारीचे पत्र दाखवले. मदतीचा कागद मात्र कॅल्क्युलेटरच्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. दुसऱ्या एका विद्यापीठाने जास्त मदत देऊ केली होती. तो कागद, मागील तीन वर्षांची करविवरणे आणि व्यवसायाच्या चढउताराचा एक पानी खुलासा जोडून आम्ही फेरविचाराचा अर्ज केला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुधारित आकडा आला. तो पुरेसा होता. १ मेच्या मुदतीआधी मुलीने होकार कळवला, आणि त्याच रात्री बसून बाकीच्या सगळ्या विद्यापीठांना, म्हणजे तिची वाट पाहणाऱ्यांनाही, आपली जागा सोडत असल्याच्या मेल पाठवल्या.